कप्प्यांशिवाय खोकी

पट्टीमास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि शर्टाच्या खिशात एक सहा इंची पोलादी पट्टी गेली एकतीस वर्षं बाळगून होते. खोक्याची घडी दोन मिलिमीटर सरकली तरी ती पट्टी बाहेर यायची आणि तिच्या मागोमाग मास्तरांचा आवाज. "हे खोकं आहे की उशी?" असं ते ओरडले की चिकटवणीच्या यंत्रापासून गेटपर्यंतची माणसं सरळ उभी राहायची. रक्तदाबाची गोळी ते सकाळी चहाबरोबर घेत आणि कामावर येऊन ती वाया घालवत.

या माणसाला शेअर बाजाराचा नाद होता. तोही मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांचा नव्हे. "त्यांचं सगळं जगाला ठाऊक असतं, त्यात मला वेगळं काय कळणार?" असं ते म्हणत. त्यांना आवडायच्या त्या अगदी लहान कंपन्या. एकच कारखाना, दीड-दोनशे कामगार, वर्तमानपत्रात कधी नाव नाही आणि बाजारात दिवसाकाठी दोन-तीन हजार शेअर इकडचे तिकडे होणार. अशा बऱ्याच कंपन्या मास्तरांच्या कारखान्यातून खोकी नेत, आणि मास्तरांची युक्ती इथेच होती. कंपनीचा अहवाल वर्षातून एकदा येतो; खोक्यांची ऑर्डर दर आठवड्याला येते. माल जाणार असेल तरच माणूस खोकी मागवतो. ज्याची मागणी सलग तीन तिमाही वाढली त्याचे शेअर घ्यायचे, घटू लागली की विकून मोकळं व्हायचं. यासाठी त्यांनी एक निळी वही ठेवली होती. बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांच्या घराच्या फरश्या बदलून दिल्या होत्या, डब्यांची झाकणं बनवणाऱ्या दुसरीने मुलीचं शिक्षण केलं होतं. त्यामुळे मास्तरांचा त्या वहीवर भारी विश्वास.

मग वहीत काचवाली कंपनी आली. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी चंचुपात्रं, चंबू, परीक्षानळ्या बनवणारी. दीड वर्षात तिची खोक्यांची ऑर्डर दुप्पट झाली. मास्तरांनी पाच हजार शेअर घेतले, आणि एवढ्यावर न थांबता ताईलाही घ्यायला लावले.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकोणतीस वर्षं नोकरी केलेली. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी भावाकडे राहायला आली आणि मागच्या खोलीत राहिली. त्या खोलीला पूर्वी गल्लीत उघडणारं एक दार होतं. मास्तरांच्या वडिलांनी चोरांच्या भीतीने ते विटांनी बुजवलं होतं. गिलाव्यावर चौकटीचा आकार अजून दिसायचा आणि मास्तरांच्या बायकोने त्यावर कॅलेंडर टांगलं होतं. ताईला कुठेही जायचं तर भावजयीच्या स्वयंपाकघरातून जावं लागे. "वन्सं, आत्ता कुठे?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा. प्रश्न वाईट नव्हता, पण सहा वर्षं चार-चार वेळा म्हणजे किती झाले, हे ताईने एकदा मोजलं होतं. तिला स्वतःची एक खोली हवी होती. दुसरं काही नाही, एक दार आणि त्याची किल्ली. शेजारच्या वस्तीत बांधत असलेल्या इमारतीत एक खोली तिने पाहूनही ठेवली होती. नवऱ्याचे आणि स्वतःचे मिळून असलेले पैसे थोडे कमी पडत होते. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं थांब. तुला कर्ज काढावं लागलं तर नाव बदलेन."

ताईने एकच विचारलं होतं. "कुठली म्हणालास कंपनी? निळा शिक्का असतो ती? चांगली असते त्यांची काच. माझ्या हातून कितीदा पडलीय, फुटली नाही."

तिने आठ हजार शेअर घेतले, एकशेदहाच्या भावाने. म्हणजे मास्तरांनी तिच्या नावाने घेतले. तिचं खातं त्यांच्याच फोनवर होतं आणि पासवर्डही त्यांनीच ठरवलेला. आता भाव एकशेचाळीस झाला होता. खोलीचे पैसे महिनाअखेर भरायचे होते, आणि वार होता मंगळवार.

त्या मंगळवारी मास्तर कागदवाल्याच्या गोदामात गेले होते. तिथे त्यांना डायवाला भेटला.

डायवाला हा त्यांचा सतरा वर्षांचा जोडीदार. खोक्याचा पुठ्ठा कापायचे साचे, म्हणजे डाय, त्याच्या हाताखाली तयार होत. चार वर्षांपूर्वी तो नोकरी सोडून गेला आणि खोक्यात बसवायच्या कप्प्यांच्या जाळ्या बनवायचं छोटं दुकान त्याने टाकलं. मास्तर त्याच्याशी बोलत नव्हते, त्यालाही सव्वा वर्ष झालं. कारण असं, की काचवाल्या कंपनीने खोकी दुप्पट केली पण मास्तरांच्या कारखान्यातून चोवीस कप्प्यांच्या पुठ्ठ्याच्या जाळ्या घेणं एकाएकी बंद केलं. मास्तरांनी वहीत ते टिपलं होतं आणि बाजूला लाल पेनने लिहिलं होतं, "डायवाल्याने पळवली." सतरा वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस आपलं गिऱ्हाईक फोडतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

गोदामात त्याला पाहताच मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय, बरं चाललंय ना? काचवाल्यांच्या जाळ्यांवर बंगला झाला की नाही अजून?"

डायवाल्याने हातातला कागदाचा रोल खाली ठेवला. "कोण काचवाले?"

"सोंग करू नकोस. दर महिन्याच्या चार हजार जाळ्या. आमच्या ताटातल्या उचलल्यास."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? ती ऑर्डर तुमच्याकडेच आहे ना? मी दोनदा गेलो होतो त्यांच्याकडे, खोटं कशाला बोलू. गेटवरूनच परत पाठवलं. म्हणाले, जाळ्या लागत नाहीत."

"लागत नाहीत म्हणजे?"

"लागत नाहीत म्हणजे लागत नाहीत. मला वाटलं तुम्हीच त्यांना पढवून ठेवलंय. म्हणून तर मीही तुमचं तोंड बघत नव्हतो!"

चोवीस चंचुपात्रं एका खोक्यात, मध्ये कप्पे नाहीत. ट्रक पहिल्या खड्ड्यात गेला की आत नुसता चुरा. हे मास्तरांना नाही कळणार तर कुणाला कळणार? सव्वा वर्ष ती नोंद त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, त्यांच्या वहीत पडून होती. महिन्याला चार हजार खोकी जात होती आणि एकाही खोक्यात काच नव्हती.

"दुसरा कुणी देत असेल जाळ्या," डायवाला म्हणाला.

"या भागात दुसरा आहे कोण?" मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही, म्हणून डायवाल्यालाच धास्ती वाटली.

घरी येऊन त्यांनी कंपनीचा अहवाल काढला. मास्तर वाणिज्य शाखा शिकलेले नव्हते, पण आकडे वाचता येत होते. इतके दिवस त्यांनी फक्त विक्रीची ओळ वाचली होती. तिच्यापुढे दोन पानं सोडून गिऱ्हाइकांकडून येणं असलेली रक्कम होती. विक्री दुप्पट, येणं पाचपट. माल कागदावर विकला जात होता आणि पैसे कुणीच देत नव्हतं.

बुधवारी सकाळी बाजार उघडताच त्यांनी ताईचे दोन हजार शेअर विकायला लावले. सगळे एकदम लावले असते तर भाव गडगडला असता; लहान कंपनीचं हेच दुखणं, आत शिरायला दार मोठं आणि बाहेर पडायला खिडकी. दुपारपर्यंत दोन हजार गेले, एकशेएकोणचाळीसला. आणखी तीन-चार दिवसांत ताईचे सगळे, मग आपले. ताईला काही सांगितलं नाही. आधी पैसे हातात येऊ देत, मग बोलू, असा त्यांचा हिशेब.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत छपाईवाला त्यांच्या टेबलाशी आला. खोक्यांवर नावं छापणाऱ्या यंत्रावरचा पंचेचाळिशीचा माणूस, अबोल, मास्तरांच्या शिव्या सगळ्यांत जास्त खाल्लेला. आज तो हसत होता.

"मास्तर, एक सांगू? रागावू नका. मी पण घेतले."

"काय घेतलेस?"

"तुमच्या काचवाल्यांचे. तीनशे. सहा महिने बघत होतो, भाव खालीच येईना. काल दुपारी मिळाले, एकशेएकोणचाळीसला. म्हटलं, मास्तर आहेत त्यात, म्हणजे डोळे मिटून घ्यावेत."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं तुला घ्यायला?"

"कुणी नाही. तुम्ही आहात ना त्यात."

"मी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील?" मास्तर असे किंचाळले की कँटीनमध्ये चमचे थांबले. "अक्कल गहाण ठेवलीस का? मला विचारायचं नाही?"

छपाईवाल्याचं हसू मावळलं. "रागावू नका म्हटलं होतं ना," असं पुटपुटत तो डबा घेऊन दूरच्या टेबलावर गेला. मास्तरांना कळत होतं की आपण कुणावर ओरडायला हवं होतं. तो माणूस आरशातच दिसला असता.

त्या दिवशी त्यांनी एकही शेअर विकला नाही. संध्याकाळी ताईच्या खोलीत जाऊन कॅलेंडरखालच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. जाळ्या, अहवाल, विकलेले दोन हजार, छपाईवाला.

ताई ऐकत होती. ती मास्तरांसारखी ओरडणारी नव्हती. राग आला की तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा व्हायचा, एकेक शब्द मोजून बाटलीत भरल्यासारखा.

"माझे शेअर विकलेस आणि मला सांगितलं नाहीस."

"ताई, तुझेच पैसे वाचवत होतो ना!"

"घेतलेस तेव्हा सांगितलंस. विकताना नाही. का?"

"तू घाबरली असतीस."

"मी आम्लाच्या बाटल्या हाताळल्यात एकोणतीस वर्षं. घाबरायचं कुठे ते मला कळतं. राहिलेले सहा हजार कोण घेणार?"

"कुणीही. बाजारात कोण कुणाचे घेतो ते कळत नाही."

"एक कळलाय ना आता?"

दारातून बायको म्हणाली, "वन्सं, असा विचार करत बसलात तर खोली हातची जाईल. जग काय तुमच्यासाठी थांबलंय? विका आणि मोकळ्या व्हा. अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"तू मध्ये पडू नकोस!" मास्तर ओरडले.

"माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे मी. मध्ये तुम्ही बसलाय," बायको म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मास्तरांनी आणलेलं, तिच्या नावाने आलेलं अहवालाचं पाकीट ताईने हातात घेतलं. त्यातून सभेची सूचना खाली पडली. भागधारकांची वार्षिक सभा, शनिवारी सकाळी अकरा वाजता, कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिने चष्मा लावून ती पूर्ण वाचली.

"यावर माझंही नाव आहे की. म्हणजे मला जाता येतं."

"ताई, सभेत बोललीस तर सोमवारी भाव कोसळेल. मग उरलेल्या सहा हजारांचे सहा रुपयेही यायचे नाहीत."

"आणि नाही बोलले, तर माझ्या खोलीचे पैसे छपाईवाल्यासारख्या वीस जणांनी भरायचे. ते मला झोपू देतील त्या खोलीत?" तिने सूचनेची घडी घातली. "तुला यायचं तर ये. माझ्या नावाने आता काही विकू नकोस."

मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले. शुक्रवारी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. निदान स्वतःचे पाच हजार तरी? ते तर त्यांचेच होते. पण प्रत्येक वेळी तो डबा घेऊन दूर जाणारा माणूस डोळ्यांपुढे येई, आणि मग त्यांना इतका राग येई की फोनवरचा आकडा दिसेनासा होई.

शनिवारी कँटीनमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. बहुतेक निवृत्त. बिस्किटांच्या बशा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोर टेबलामागे अध्यक्ष. गुळगुळीत दाढी, गोड आवाज. विक्री दुप्पट झाल्याचं त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर ताई उभी राहिली.

"मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते. तुमची काच एकोणतीस वर्षं मी खोक्यातून काढलीय. प्रत्येक खोक्यात कप्प्यांची जाळी असायची. सव्वा वर्षापासून तुम्ही जाळ्या घेत नाही असं समजलं. मग काच जाते कशी?"

अध्यक्ष हसले. "ताई, किती बारीक लक्ष! आता आपण आधुनिक झालोय. फोम वापरतो."

मास्तर उठले. "फोम? कुठे बसवता? त्या खोक्याचं आतलं माप मी काढलंय. चोवीस चंचुपात्रं आणि जाळी, त्यात बोटभरही जागा उरत नाही. फोम घालायचा तर खोकं मोठं लागेल. तुम्ही माप बदललेलं नाही!"

"हे तांत्रिक मुद्दे आपण नंतर बोलू."

"आत्ता बोलू!"

"आपण शांत बसावं, नाहीतर बाहेर जावं लागेल."

"जातो," मास्तर म्हणाले आणि खरंच मागच्या दाराने बाहेर गेले.

बाहेर पत्र्याची शेड होती. खोक्यांच्या थप्प्या छपरापर्यंत, सगळी टेपने बंद, बिलाचं लेबल लावलेली, पाठवायला तयार. प्रत्येकाच्या तळाशी मास्तरांच्याच कारखान्याची चिठ्ठी आणि त्यावर त्यांचीच सही. त्यांनी मधल्या थप्पीला एक बोट लावलं. नुसतं टेकवलं. भरलेल्या काचेची थप्पी दोन माणसांनी रेटली तरी हलत नाही. ही थप्पी झाडासारखी डोलली.

शेडचा पहारेकरी धावत येईपर्यंत मास्तरांनी एक खोकं काखेत मारलं होतं. एरवी हे खोकं गुडघ्यात वाकून, दोन हातांनी उचलावं लागतं. ते काखेत तसंच धरून त्यांनी कँटीनचं दार लाथेने उघडलं आणि सरळ अध्यक्षांच्या टेबलापाशी गेले.

"हे विकलेलं आहे ना? लेबल आहे, बिलाचा नंबर आहे!" त्यांनी खोकं डोक्याच्या वर नेलं.

"अहो, काच आहे त्यात!" पहिल्या रांगेतून एक आजोबा ओरडले. दोघांनी चेहऱ्यापुढे हात धरले.

मास्तरांनी खोकं सगळी ताकद लावून टेबलावर आपटलं.

नुसता पुठ्ठ्याचा आवाज झाला. बशीतली बिस्किटं उडाली आणि अध्यक्षांच्या पाण्याचा पेला कलंडला. त्या सबंध प्रकारात काचेचा म्हणून जो आवाज झाला तो त्या पेल्याचा.

मग तेच पहिल्या रांगेतले आजोबा उठले. मास्तरांना वाटलं, ते आता अध्यक्षांच्या अंगावर जाणार. ते मास्तरांच्याच अंगावर आले.

"काय मिळवलंस रे हे करून? गप्प बसला असतास तर सोमवारी आम्ही विकून सुटलो असतो! आता कोण घेणार आमचे शेअर, तुझा बाप?"

"माझेही आहेत त्यात!" मास्तर म्हणाले.

"मग तू दुप्पट गाढव!"

आणि सभा अशी उधळली की अध्यक्ष कुठल्या दाराने गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी भाव उघडतानाच पाच टक्के खाली आला. एका दिवसात त्याहून जास्त पडू द्यायचा नाही, असा त्या शेअरला नियम होता, म्हणून तो तिथेच अडकला. विकणारे लाखभर, घेणारा शून्य. मंगळवारी आणखी पाच. बुधवारी आणखी पाच. मास्तर रोज सकाळी सव्वानऊला आपले आणि ताईला विचारून तिचेही शेअर विकायला लावत आणि रोज संध्याकाळी ते तसेच परत येत. सतराव्या दिवशी हिशेब तपासनिसाने राजीनामा दिला, चौकशी सुरू झाली आणि शेअरचा व्यवहारच बंद पडला. बिल्डरने खोली दुसऱ्याला दिली.

विकलेल्या दोन हजारांचे पैसे मात्र ताईच्या खात्यात आले होते. त्यातले एक्केचाळीस हजार सातशे तिने पाकिटात घालून मास्तरांपुढे ठेवले.

"छपाईवाल्याचे."

"ताई, तुझं डोकं फिरलंय का? त्याने माझेच घेतले हे कशावरून? आणि बाकीच्या सतराशेंचं काय?"

"ते मला दिसत नाहीत. हा दिसतो."

"मग माझ्या पैशांतून देतो."

"तुझ्यातून दे. म्हणजे बरंच."

छपाईवाल्याने पाकीट मोजून घेतलं. आभार मानले नाहीत. "मी तुमच्या तोंडाकडे बघून घेतले होते," एवढंच म्हणाला आणि यंत्राकडे वळला. त्यानंतर तो मास्तरांना साहेब म्हणू लागला. मास्तर त्याच्यावर पुन्हा कधी ओरडले नाहीत.

त्याच आठवड्यात ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून भावजयीच्या हातात दिलं. मग मास्तरांना म्हणाली, "खोली तर गेली. आता मला दार दे."

"कुठलं दार?"

"हे. बाबांनी बुजवलेलं."

बायकोने कॅलेंडर छातीशी धरलं आणि दोघांकडे पाहिलं. "माझी काही हरकत नाही," ती म्हणाली, "धूळ मात्र स्वयंपाकघरात येता कामा नये."

गवंडी लावायला मास्तर तयार झाले नाहीत. रविवारी सकाळी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसले. पहिला घाव त्यांनी अध्यक्षांच्या नावाने घातला, दुसरा स्वतःच्या. मग मोजणं सुटलं. विटा निघत गेल्या, गिलाव्याचे पोपडे केसांत बसले, तळहातांना फोड आले. दुपारी डायवाला आला. कुणी बोलावलं होतं ते दोघांनीही विचारलं नाही. त्याने दुसरी छिन्नी उचलली. जुनी चौकट बाहेर आली तेव्हा मास्तरांनी सवयीने पट्टी काढली.

"डाव्या बाजूला चार मिलिमीटर बाहेर आहे."

"पट्टी ठेव खिशात," ताई आतून म्हणाली.

संध्याकाळी सुताराने दार बसवलं, कुलूप लावलं आणि दोन किल्ल्या ताईच्या हातात दिल्या. तिने एकीने कुलूप उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मास्तरांनी हात पुढे केला. घरातल्या प्रत्येक कुलपाची जोडकिल्ली त्यांच्या जुडग्यात असे.

"दुसरी इकडे दे. हरवायची."

ताईने दोन्ही किल्ल्या पदराला बांधल्या. "हरवली तर माझी हरवेल," ती म्हणाली. "आणि तुझा तो फोन दे जरा. पासवर्ड बदलायचा आहे. कसा बदलतात ते सांग, आणि मी टाकताना तिकडे बघ."

मास्तरांनी फोन दिला आणि तोंड गल्लीकडे केलं.